जुन्या बुलेटला पुढे डिस्क ब्रेक: ड्रम उतरवण्यापासून एअर काढण्यापर्यंत

लोखंडी इंजिनाची बुलेट चालवणाऱ्याला पुढच्या ब्रेकबद्दल विचारा, तो हसतो. लिव्हर ओढला की गाडी थांबते म्हणण्यापेक्षा थांबायचा विचार करते, असं तिचं वागणं असतं. गावात, मोकळ्या रस्त्यावर ते चालून जातं. पण आंबेनळी किंवा कुंभार्ली घाट उतरताना, मागे माणूस आणि सामान असताना, पुढे एसटीने अचानक ब्रेक मारला की घाम फुटतो. मग कुणीतरी सांगतं, 'डिस्क टाकून घे, दोन तासांचं काम.' दोन तासांचं काम ते नक्कीच नाही. नीट केलं तर दोन दिवस जातात, आणि त्यातला बराच वेळ डिस्क बसवण्यात नाही तर जुळवाजुळवीत जातो.

हा लेख मुख्यतः कास्केटवाल्या जुन्या बुलेटसाठी आहे, म्हणजे जिचा हेडलाइट आणि शॉकअपची वरची टोकं एकाच ओतीव भागात बसतात. इतर गाड्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल, मापं मात्र आपापली घ्यावी लागतील.

आधी ड्रमला एक संधी द्या

डिस्कचा खर्च करण्याआधी एक सुट्टीचा दिवस आहे त्या ड्रमवर घालवा. माझ्या मते निम्म्या गाड्यांत ड्रम वाईट नसतो, तो वर्षानुवर्षं कुणी नीट उघडलेलाच नसतो.

जुन्या बुलेटला पुढे 6 इंची, नंतरच्यांना 7 इंची ड्रम आला. काही मॉडेलांत ट्विन लीडिंग म्हणजे दोन्ही लायनर चाकाच्या फिरण्याबरोबर आत ओढले जाणारे, साध्या मॉडेलांत एकच तसा. साध्या ड्रममध्ये ब्रेकचं बरंचसं काम तो एक पुढचा लायनर करतो, त्यामुळे तोच नीट टेकत नसेल तर हातात काहीच उरत नाही.

चाक काढा, लायनर बघा. त्यावर चमकदार, काचेसारखा थर आला असेल तर खरखरीत पॉलिश पेपरने तो घालवा. हे करताना धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. ड्रम आतून लंबगोल झाला असेल तर लिव्हर हातात धडधडतो. तो लेथवर नेऊन फिरवून घ्यावा लागतो. केबल जुनी असेल तर बदला, कारण तुमच्या हाताचा निम्मा जोर केबल ताणण्यात जातो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर केबल आणि ब्रेक प्लेटवरचा आर्म यांच्यात साधारण काटकोन हवा. आर्म त्याच्या पुढे गेला की जोर घटत जातो.

आणि एक युक्ती, जी बरेच मेस्त्री विसरतात. चाक परत बसवताना एक्सलचा नट पूर्ण आवळू नका. चाक फिरवा, पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरा आणि तो तसाच धरून नट आवळा. यामुळे लायनर ड्रममध्ये स्वतःच मधोमध येतात. एवढ्याने कधीकधी एवढा फरक पडतो की माणूस डिस्कचा विषय सोडून देतो.

तरीही घाटातला प्रश्न उरतोच. आंबेनळीच घ्या: वर महाबळेश्वर 1,300 मीटरहून उंच, खाली पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून 300 किलो धरा. फक्त हजार मीटर उतरलात तरी सुमारे 29 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी खपवावी लागते. साधारण नऊ लिटर पाणी उकळीला आणायला तेवढीच लागते. थोडी इंजिन खातं, थोडी हवा, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन येते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो, आणि लिव्हर मुठीकडे सरकत येतो. डिस्क उघड्यावर असते, वाऱ्याने निवते, आणि तापून जाड झाली तर पॅडच्या दिशेनेच होते. पावसात ड्रममध्ये शिरलेलं पाणी लवकर निघत नाही, डिस्कवरचं पाणी पहिल्या फेऱ्यांत झटकलं जातं. डिस्क घ्यायची खरी कारणं ही. 'गाडी भारी दिसते' या कारणासाठी घेत असाल तर पैसे सीटवर घाला.

पूर्ण संच एकाच गाडीचा घ्या

या सगळ्या कामात मी एकाच गोष्टीवर हटून बसतो: पुढचा भाग तुकड्या-तुकड्यांनी जमवू नका. शॉकअप एकीचे, हब (चाकाचा मधला भाग) दुसरीचं, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तिसरीचा, मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी बसून तेल ढकलणारा) बाजारातला असला, की प्रत्येक वस्तू चांगली असूनही ब्रेक वाईट होतो. आणि वाईट डिस्क वाईट ड्रमपेक्षा धोक्याची, कारण ती पटकन चाक लॉक करते.

बुलेटवाल्यांचं नशीब चांगलं आहे. रॉयल एनफिल्ड कंपनीनेच इलेक्ट्रा आणि थंडरबर्डच्या काही आवृत्त्या पुढे 280 मिलिमीटरची डिस्क लावून विकल्या. म्हणजे कंपनीने हिशोब करून दिलेला संच जुन्या बाजारात मिळतो. यात इलेक्ट्रा आपल्या कामाची जास्त, कारण तिलाही कास्केट आहे. थंडरबर्डचा हेडलाइट वेगळा लटकतो आणि वरचा टी (शॉकअप धरून ठेवणारा आडवा भाग) वेगळा असतो. तिचा पुढचा भाग घेतलात तर दोन्ही टी, हेडलाइटचे ब्रॅकेट, मीटर सगळंच बदलत जातं, आणि शेवटी बुलेट बुलेट दिसत नाही.

संचात हे सगळं हवं: डिस्कच्या बाजूचा कॅलिपरचे कान असलेला शॉकअप आणि त्याचा जोडीदार, डिस्कचं हब (शक्यतो पूर्ण चाक), एक्सल आणि त्यावरचे सगळे स्पेसर, स्पीडोचा गिअर असेल तर तो, डिस्क, कॅलिपर, होज, मास्टर सिलिंडर, लिव्हर, ब्रेकलाइटचा स्विच, आणि मडगार्डचे ब्रॅकेट. स्पेसर म्हणजे चार छोट्या नळ्या, पण त्या गहाळ झाल्या तर लेथवाल्याकडे दिवस जातो. विकणाऱ्याने सामान गोणीत टाकण्याआधी एक्सलवर कोणता स्पेसर कुठे होता त्याचा मोबाइलवर फोटो काढून घ्या.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि बुलेटचंच सामान हवं असेल तर दिल्लीचं करोल बाग, इथे फिरणाऱ्याला हे नवं-जुनं मिळतं. जुनं सामान घेताना विकणाऱ्याचं बिल मागा. चोरीच्या गाडीचं सामान तुमच्या गाडीवर सापडलं तर त्याचा ताप तुम्हालाच.

सोबत मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर न्या. बुलेटच्या शॉकअपचा वरचा पाइप 35 मिलिमीटरचा असतो. तरी तुमचा आणि नवा, दोन्ही मोजा, कारण आधीच्या मालकाने काय केलंय ते तुम्हाला माहीत नसतं. मग पुढची मापं: पाइपच्या वरच्या टोकाचे आटे कास्केटच्या आट्यांशी जुळतात का, पाइपची एकूण लांबी, चाक न लागता शॉकअप पूर्ण उघडा असतानाची वरच्या टोकापासून एक्सलच्या मध्यापर्यंतची लांबी, एक्सलची जाडी. लांबी दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे चालते. दोन-तीन सेंटिमीटर आखूड असेल तर गाडी पुढे झुकते, वळताना नको तितकी चपळ होते आणि वेगात हलायला लागते.

पाइप सपाट काचेवर ठेवून लोळवून बघा. खाली उजेड दिसला तर पाइप वाकलेला आहे, घेऊ नका. सीलच्या जागेवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील महिनाभरात गळेल, आणि ते तेल थेट डिस्कवर पडेल.

आता एक मनाई. ड्रमच्या शॉकअपला पट्टी वेल्ड करून त्यावर कॅलिपर लावून देणारे कारागीर आहेत. ते काम करून घेऊ नका. ड्रममध्ये ब्रेकचा झटका प्लेटमधून शॉकअपवरच्या एका कानावर येतो; डिस्कमध्ये तो कॅलिपरच्या दोन बोल्टवर येतो आणि शॉकअपच्या खालच्या पायाला पिळतो. ओतीव ॲल्युमिनियमवरचं रस्त्याकडेचं वेल्डिंग ते किती दिवस सोसेल हे सांगता येत नाही, आणि ते तुटलं की कॅलिपर आऱ्यांत जातो.

फक्त खालचा पाय बदलून वरचा पाइप जुनाच ठेवू असाही मोह होतो. जुन्या बुलेटच्या शॉकअपच्या आतली रचना आणि नंतरच्यांची आतली रचना सारखी नसते. पूर्ण पाय बदला, दोन्ही बाजूंचे.

मास्टर सिलिंडरचं गणित

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक फसलेल्या डिस्का इथे फसतात. मास्टर सिलिंडरमधला पिस्टन लहान, कॅलिपरमधले मोठे. दोघांच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर म्हणजे तुमच्या बोटांना मिळणारी मदत.

समजा कॅलिपरमध्ये एका बाजूला 30 मिलिमीटरचे दोन पिस्टन आहेत. त्यांचं क्षेत्रफळ सुमारे 1,414 चौरस मिलिमीटर. मास्टर सिलिंडर 12.7 मिलिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे 127. गुणोत्तर 11 च्या आसपास. आता कुणी मोठ्या गाडीचा 15.9 मिलिमीटरचा मास्टर आणून लावला, तर गुणोत्तर 7 वर येतं. लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो, चालवणारा खूश होतो की ब्रेक काय टाइट आहे, आणि गाडी थांबत नाही. उलट एका पिस्टनच्या लहान कॅलिपरवाल्या 100 सीसी गाडीचा 11 मिलिमीटरचा मास्टर लावला तर गुणोत्तर 15 च्या जवळ जातं. जोर भरपूर, पण तेल कमी ढकललं जातं, लिव्हर मुठीला टेकतो आणि माणूस आयुष्यभर तेलातली एअर म्हणजे हवा काढत बसतो.

मास्टरचं माप बऱ्याचदा त्याच्या अंगावरच कोरलेलं असतं. कॅलिपरबरोबर मूळ गाडीला जो होता तोच घ्या, की हे गणित करावंच लागत नाही.

जुना कॅलिपर उघडलाच पाहिजे

जुना कॅलिपर 'चालू आहे' म्हणून तसाच लावू नका. होज जोडलेला असतानाच लिव्हर हळू दाबून पिस्टन बाहेर येऊ द्या, समोर लाकडाचा तुकडा ठेवा. हवेच्या पाइपने काढायचा असेल तर बोटं लांब. पिस्टन सुटतो तेव्हा हाड मोडेल इतका जोर असतो.

प्रत्येक पिस्टनला दोन रबर असतात. बाहेरचं धूळ अडवतं. आतल्या चौकोनी सीलचं काम गंमतीचं आहे: ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर थोडं पिळतं, सोडला की परत सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. डिस्कला वेगळी स्प्रिंग लागत नाही ती यामुळे. हे रबर कडक झालं की पॅड डिस्कला घासत राहतात, चाक जड फिरतं. दोन्ही रबरं नवी घाला, त्यांच्या खोबणीतला पांढरा थर टोकदार लाकडाने खरवडून काढा, स्क्रू ड्रायव्हरने नाही. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर पिस्टनही नवा. बसवताना फक्त ताजं ब्रेक ऑइल लावा.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या साफ करून त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगून पिन जाम होते, आणि एकच पॅड झिजत राहतो. होज मात्र नवीनच घ्या. जुना होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फुगतो.

डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. चार ठिकाणी मोजा. त्याच्या जवळ आली असेल तर नवी घ्या.

चाक

पूर्ण चाक मिळालं तर उत्तम, पण तेही 19 इंचीच असल्याची खात्री करा. नुसतं हब मिळालं आणि तुमचीच रिम वापरायची असेल तर आरे त्या हबचे हवेत. ड्रमच्या हबचे आरे लांबीला आणि वाकाला जुळत नाहीत. जुळत नसलेले आरे लेथवर कापून आटे पाडून देणारा भेटला तर नमस्कार करून पुढे जा.

रिम बांधणाऱ्याला एकच गोष्ट ठासून सांगा: रिमचा मध्य हबच्या मध्यावर नाही, दोन शॉकअपच्या मध्यावर यायला हवा. डिस्कचं हब दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. डाव्या-उजव्या आणि वर-खालच्या दोन्ही दिशांचा आउट (रिमचं डोलणं) काढून घ्या. बेअरिंग नवीन घाला, ती एवढी महाग नसतात की त्यात बचत करावी.

डिस्क हबवर बसवण्याआधी हबचा टेकण्याचा भाग आरशासारखा साफ करा. गंजाचा एक खवला राहिला तर डिस्क तिरकी बसते आणि लिव्हर हातात उड्या मारतो. बोल्ट डिस्कचेच, मूळ मापाचे. हार्डवेअरच्या दुकानातले नाहीत. आट्यांना लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद), समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. मग चाक फिरवून डायल गेजने डिस्क किती डोलते ते बघा. तुमच्या मॅन्युअलमधली मर्यादा पाळा. ती मिलिमीटरच्या काही दशांशांचीच असते.

आणि टायर. पुढचा टायर जुना असेल तर आधी तो बदला. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. कडक झालेल्या टायरवर चांगला ब्रेक लावणं म्हणजे लवकर घसरणं.

उतरवणं आणि चढवणं

गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा किंवा जॅक देऊन पुढचं चाक अधांतरी करा. नुसत्या स्टँडवर भरोसा ठेवू नका. पुढचा भाग निघाला की वजन मागे जातं, पण कास्केटला झटका देताना गाडी पुढे येऊ शकते. पेट्रोलच्या टाकीवर जाड गोधडी टाका, पुढे ब्रेक ऑइल येणार आहे.

ब्रेकची केबल, स्पीडोची केबल असेल तर ती, चाक, मडगार्ड, या क्रमाने काढा. स्पीडोची केबल काही गाड्यांत गिअरबॉक्समधून येते, काहींत पुढच्या चाकातून; तुमची गिअरबॉक्सवाली असेल तर एक कटकट वाचली. खालच्या टीचे पकडबोल्ट सैल करा, कास्केटवरचे टोपीनट काढा, आणि पाइप वरच्या आट्यांतून फिरवून खाली घ्या. वर्षानुवर्षं न हललेला पाइप हट्ट करतो. आदल्या रात्री आट्यांत गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. कास्केट ॲल्युमिनियमची आहे, हातोड्याने प्रेम दाखवू नका.

पाय बाहेर आहेत तोवर हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. मध्ये कुठे अडकल्यासारखं, खाचेत बसल्यासारखं वाटलं तर बॉल रेसर (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला आहे. तो आत्ताच बदला. डिस्कच्या झटक्याने सैल बॉल रेसर टकटक वाजवतो आणि मग सगळ्यांना वाटतं डिस्क खराब आहे.

नवे पाय बसवण्याआधी त्यांची सील बदला आणि दोन्हीत मॅन्युअलप्रमाणे, अगदी सारखं, मोजून तेल भरा. पाइप वर चढवा, कास्केटमध्ये आटे बसवा, पण खालच्या टीचे बोल्ट अजून आवळू नका. मडगार्ड, मग चाक, एक्सल, स्पेसर फोटोप्रमाणे. एक्सल हातानेच आवळा. आता गाडी जमिनीवर घेऊन पुढचा भाग चार-पाच वेळा जोरात दाबा. पाय आपली नैसर्गिक जागा शोधतात. त्यानंतर आधी एक्सल, मग एक्सलची पकड, मग टीचे बोल्ट असं खालून वर आवळत या. हा क्रम चुकला तर पाय एकमेकांशी तिरके बसतात आणि शॉकअप अडकत चालतो.

कॅलिपर बसवा आणि मागून डोकावून बघा: डिस्क कॅलिपरच्या खाचेत मधोमध आहे का? थोडं इकडेतिकडे तरंगता कॅलिपर सांभाळून घेतो, पण डिस्क त्याच्या अंगाला घासता कामा नये. घासत असेल तर कुठला तरी स्पेसर चुकला आहे. कॅलिपरच्या बोल्टखाली वॉशर भरून भागवू नका.

चाकं एका रेषेत आहेत का ते दोऱ्याने बघा. मागच्या टायरला पाठीमागून दोरा गुंडाळून दोन्ही बाजूंनी, जमिनीपासून अर्धा फूट उंचीवर, पुढे ताणा. दोन्ही टायर सारख्या रुंदीचे असतील तर दोरा प्रत्येक टायरला पुढे-मागे टेकतो. पुढचा अरुंद असेल तर दोन्ही बाजूंना सारखी फट दिसली पाहिजे. फट एका बाजूला जास्त असेल तर रिमवाल्याकडे परत.

मास्टर, होज आणि वायर

हँडलचा पाइप 22 मिलिमीटरचा, बहुतेक मास्टर त्यावर सरळ बसतात. हँडल सरळ असताना मास्टरवरच्या ऑइलच्या टाकीची वरची पातळी आडवी आली पाहिजे. होजचा रस्ता ठरवताना दोन टोकं तपासा: चाक अधांतरी, शॉकअप पूर्ण उघडा, हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे. कुठेही होज ताणता कामा नये. मग गाडी दाबून बघा, होज टायरकडे किंवा आऱ्यांकडे वाकतो का. खालच्या टीवर आणि पायावर एकेक क्लिप लावा.

होज जोडणाऱ्या बँजो बोल्टला प्रत्येकी दोन तांब्याचे वॉशर लागतात, होजच्या डोळ्याच्या एकेका अंगाला एक. दर वेळी नवीन. जुना वॉशर एकदा दबला की त्याला परत नीट सील करता येत नाही, आणि मग मेस्त्री तो गळू नये म्हणून आवळत राहतो, बोल्ट पोकळ असल्यामुळे तुटतो. साधारण 25 ते 30 न्यूटन मीटर पुरतात. मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेच खरं. टॉर्क रेंच नसेल तर या एका दिवसासाठी कुणाकडून तरी आणा. कॅलिपर आणि बँजो या दोन जागी 'हाताच्या अंदाजाने' चालत नाही.

ब्रेकलाइटचा स्विच मास्टरवर असतो. त्याच्या दोन वायर मागच्या ब्रेकच्या स्विचला समांतर जोडा, म्हणजे कुठलाही ब्रेक दाबला तरी दिवा लागेल. बऱ्याच जुन्या बुलेटना पुढच्या ब्रेकवर दिवाच लागत नव्हता. मागून येणाऱ्यासाठी ही सुधारणा डिस्कइतकीच मोलाची आहे.

एअर काढणं

ब्रेक ऑइल मास्टरच्या झाकणावर लिहिलेलं तेच, बहुधा डॉट 3 किंवा डॉट 4. कोरडं असताना डॉट 3 205 अंशांना उकळतं, डॉट 4 230 अंशांना. पाणी शोषल्यावर हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. म्हणून सीलबंद, छोटी बाटली घ्या. कपाटात वर्षभर उघडी राहिलेली बाटली टाकून द्या. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

कॅलिपरवरच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. नळी बसवण्याआधी निपलवर रिंग पाना चढवलेला हवा. टाकी भरा, झाकण नुसतं टेकवून ठेवा. लिव्हर हळू तीन-चार वेळा दाबा, दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, लिव्हर मुठीकडे जाईल, तो तिथेच धरून निपल बंद करा, मग लिव्हर सोडा. निपल उघडं असताना लिव्हर सोडलात तर हवा परत आत. टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नका. झाली तर सगळं पहिल्यापासून.

कोरड्या, नव्या होजमध्ये मात्र हे फार वेळ चालतं. त्यापेक्षा मोठ्या सिरिंजने खालच्या निपलमधून ऑइल वर ढकला. हवेला वरच जायचं असतं, तिला वाट करून द्या. टाकीत बुडबुडे येताना दिसतात, आधी मोठे, मग सुईच्या टोकाएवढे. टाकी भरत आली की वरचं ऑइल काढून घ्या. शेवटी नेहमीच्या पद्धतीने चार-पाच वेळा एअर काढा.

तरी लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर वरच्या बँजोमध्ये हवा अडकली आहे. लिव्हर मुठीला दोरीने बांधून रात्रभर ठेवा, सकाळी मास्टरवर आणि होजवर हलक्या टिचक्या मारा. बऱ्याच वेळा तेवढ्याने काम होतं. बांधलेला लिव्हर सकाळी खाली गेलेला दिसला तर कुठेतरी गळती आहे, ती शोधा.

ऑइल रंगावर पडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. ते रंग उडवतं, पण पाण्यात विरघळतं.

गाडी बाहेर काढण्याआधी डिस्क आणि पॅडच्या आसपास कुठेही तेल-ग्रीस नसल्याची खात्री करा आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. गॅरेजमधल्या डब्यातल्या पेट्रोलने नको, त्यात आधी काय काय धुतलंय कुणास ठाऊक.

पहिले दोनशे किलोमीटर

नव्या पॅडना डिस्कशी जुळायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर 40 च्या वेगाने जाऊन 10 वर या, पूर्ण थांबू नका, थोडं चालवून निवू द्या, परत तसंच. वीस-पंचवीस वेळा केलं की पकड बदललेली जाणवेल. तापलेल्या पॅडनी गाडी पूर्ण थांबवून लिव्हर धरून ठेवलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि नंतर लिव्हर थरथरतो.

परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, बँजोभोवती बोट फिरवा. ओलं लागलं तर वॉशर बदला.

हाताची सवयही बदलावी लागते. ड्रमवर चार बोटांनी ओढायची सवय असलेला माणूस डिस्कवर पहिल्या दिवशी ओल्या रस्त्यावर पुढचं चाक लॉक करतो. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. तुमच्या या बदलात ते नाही. दोन बोटं वापरा, आणि आधी हलकं दाबून वजन पुढे येऊ द्या, मग जोर वाढवा. मागच्या ड्रमची डागडुजीही याच वेळी करून घ्या, नाहीतर पुढचा ब्रेक इतका पुढे निघून जातो की तुम्ही मागचा विसरता. जुन्या, उजव्या पायाच्या गिअरची बुलेट असेल तर मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. घाईत कुठला पाय दाबायचा याची सवय मोडू देऊ नका.

आरटीओ आणि विमा

आरसीवर ब्रेकचा प्रकार छापलेला नसतो. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या मूळ तपशीलात बदल करायला मनाई करतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. म्हणूनही मी कंपनीच्याच, त्याच घराण्याच्या गाडीच्या संचाचा आग्रह धरतो. काम करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर पॉलिसीसोबत ठेवा. दावा करायची वेळ आली तर त्याचाच आधार.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीला पुन्हा नोंदणी करताना तपासणी होते, तेव्हा सामानाची बिलं जवळ असू द्या. उतरवलेला ड्रमचा संच मात्र विकू नका. लायनर काढून, एक्सलला ग्रीस लावून, स्पेसर तारेत ओवून सगळं एका गोणीत बांधून ठेवा. तपासणीत कुणी हरकत घेतली किंवा पुढे गाडी मूळ रूपात हवी असणारा गिऱ्हाईक आला, तर एका दिवसात परत बसवता येतं.